‘काडी तपासणी कुठे करतात?’ नाशिकच्या एका द्राक्ष प्रयोगशाळेने लाँग टेल कीवर्ड कसे शोधले

पार्श्वभूमी

पिंपळगाव बसवंतच्या परिसरात, मुंबई-आग्रा महामार्गापासून जवळच, एक खासगी कृषी प्रयोगशाळा आहे. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. माती, पाणी, पानाचा देठ आणि काडी (वेलीची फांदी) अशा चार तपासण्या तिथे होतात. मालक कृषी पदवीधर, त्यांना सगळे सर म्हणतात. काउंटर एक ताई सांभाळतात: नमुना घेणं, पावती करणं, फोन उचलणं, अहवाल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं. वेबसाइटवरच्या मजकुराचं काम माझ्याकडे आलं.

यातली काडी तपासणी समजली तर पुढचं प्रकरण समजेल. आपल्याकडे द्राक्षबागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, म्हणजे फळछाटणी. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीवरच्या डोळ्यांत, म्हणजे जिथून नवी फूट निघते त्या कळ्यांत, सूक्ष्म घडनिर्मिती होते. पण घड नेमका कितव्या डोळ्यात आहे ते बाहेरून दिसत नाही. म्हणून फळछाटणीच्या आधी शेतकरी बागेतल्या काही काड्या तपासायला आणतो. डोळा ब्लेडने उभा चिरून, पापुद्रे सोडवून मायक्रोस्कोपखाली बघतात आणि घड आहे की बाळी (घडाऐवजी येणारा वेलीचा तणावा), ते कळतं. त्यावरून काडी कुठे कापायची ते ठरतं. चुकीच्या जागी कापली तर वर्षाचं पीक हातचं जातं, त्यामुळे हा अहवाल शेतकऱ्यासाठी जिवाचा असतो.

हंगाम मात्र छोटा. सटाण्याकडची अर्ली छाटणी जुलै-ऑगस्टलाच सुरू होते, निफाड-दिंडोरीकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोर असतो. छाटणी झाली की काडी तपासणीचा विषय वर्षभरासाठी बंद.

अडचण

प्रयोगशाळेची वेबसाइट होती. चार-पाच पानं, सगळी इंग्रजीत. शीर्षकांत ‘सॉइल टेस्टिंग लॅब नाशिक’ याच शब्दांची उलटापालट. हा शब्दसमूह टाकला की वर डिरेक्टरी साइट्स, जाहिराती आणि मोठ्या संस्थांची पानं येत. ही साइट बरीच खाली.

त्याहून मोठा घोळ वेगळा होता. साइटवरून जे थोडे फोन येत, त्यात बरेचसे बांधकामवाल्यांचे असत. ‘प्लॉटची सॉइल टेस्ट करायची आहे, पायासाठी रिपोर्ट पाहिजे.’ मातीची भारवहन क्षमता तपासणारी प्रयोगशाळा वेगळी आणि शेतीसाठी नत्र-स्फुरद-पालाश बघणारी वेगळी. पण शोधाचे शब्द दोघांचे तेच. म्हणजे त्या शब्दावर ही साइट पहिल्या क्रमांकावर आली असती, तरी नको असलेले फोनच वाढले असते. सरांची इच्छा तोच शब्द वर आणायची होती, आणि पहिली लांबलचक चर्चा यावरच झाली.

मोठ्या शब्दांचं असंच होतं. ‘द्राक्ष’ टाकणाऱ्याला खाण्याचे फायदे हवे असतात. ‘डोळे तपासणी’ हा आपल्याकडे बागायतदाराच्या तोंडातला शब्द, पण सर्चमध्ये टाकला की नेत्र रुग्णालयं येतात. ‘द्राक्ष काडीचे डोळे तपासणी कुठे करतात’ असं कुणी विचारलं की मात्र संशयाला जागा उरत नाही. विचारणारा शेतकरी आहे, त्याची छाटणी तोंडावर आहे आणि त्याला जागेचा पत्ता हवा आहे. असे लांब, नेमके, एकेकटे पाहिले तर क्वचितच विचारले जाणारे शोध म्हणजे लाँग टेल कीवर्ड.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय जाहिरातीचा. मोठ्या शब्दावर पैसे लावायचे. बांधकामाचे फोन लक्षात घेता तो लगेच बाद झाला. नेमक्या शब्दांवर हंगामापुरती जाहिरात करता आली असती, पण ते नेमके शब्द कोणते, हेच तर अजून कळायचं होतं.

दुसरा पर्याय कीवर्ड टूलमधून यादी काढून घाऊक लेख लिहून घेण्याचा. असा एक प्रस्ताव सरांकडे आधीच आला होता. यादी चाळली तर निम्मे विषय ‘माती परीक्षणाचे महत्त्व’ छापाचे. हे शाळकरी निबंधाचे विषय. द्राक्षवाला शेतकरी हे विचारत नाही, त्याला महत्त्व ठाऊक आहे.

तिसरा पर्याय गावागणिक पान करण्याचा. ‘माती परीक्षण निफाड’, ‘माती परीक्षण चांदवड’, ‘माती परीक्षण दिंडोरी’, मजकूर तोच आणि गावाचं नाव तेवढं बदललेलं. पुष्कळ व्यावसायिक हे करतात. गूगलच्या स्पॅम धोरणात अशी पानं डोअरवे म्हणून स्पष्टपणे नाकारली आहेत. शिवाय निफाडच्या माणसाला त्या पानावर निफाडचं काहीच मिळत नाही, त्याची फसगतच होते. हा पर्याय मी जोर लावून नाकारला.

चौथा पर्याय काउंटरवर बसून ऐकण्याचा.

शब्द कसे गोळा केले

सुरुवात कीवर्ड प्लॅनरनेच, म्हणजे कोणता शब्द किती शोधला जातो याचा अंदाज देणाऱ्या गूगलच्या साधनानेच केली, कारण आकडा पाहिल्याशिवाय सरांचं समाधान होणार नव्हतं. मराठीत ‘काडी तपासणी’, ‘देठ परीक्षण’ टाकलं तर बहुतेक ओळींपुढे काहीच नाही, किंवा अगदी खालच्या टप्प्यातला अंदाज. सर म्हणाले, ‘कोणी शोधतच नाही, मग लिहायचं कशाला?’

या प्रश्नाचं उत्तर या प्रकरणाचा कणा आहे. प्लॅनर महिन्याची सरासरी देतो, आणि ती वर्षभराच्या आकड्यावरून काढलेली असते. जो प्रश्न फक्त सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विचारला जातो, तो बारा महिन्यांत वाटला की नगण्य दिसतो. दुसरं, मराठी प्रश्न एका रूपात येत नाही. कुणी देवनागरीत टाइप करतो, कुणी रोमन लिपीत मराठी लिहितो, कुणी माइकचं बटण दाबून बोलतो. ‘छाटणी’ रोमन लिपीत चार जण चार तऱ्हांनी लिहितात. प्रत्येक रूप वेगळं मोजलं गेलं तर एकही मोजणीच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचत नाही. तिसरं, रोज होणाऱ्या शोधांपैकी साधारण १५ टक्के शोध पूर्वी कधीच पाहिलेले नसतात, असं गूगल स्वतः सांगत आलं आहे. त्यांचा मागचा आकडा असणारच नाही.

म्हणून काउंटरवरच्या वहीत एक रकाना वाढवला: ‘काय विचारलं’. ताईंना एकच विनंती केली की वाक्य सुधारू नका, माणूस बोलला तसंच लिहा. प्रयोगशाळेच्या फोनवर आलेले जुने व्हॉट्सअ‍ॅप संदेशही चाळले. करपलेल्या पानाचा फोटो आणि खाली एक ओळ, असे कितीतरी.

एक नोंद इथे जशीच्या तशी देतो. एक बागायतदार ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या घेऊन आले होते. प्रत्येक जुडीला चिठ्ठी बांधलेली, ‘विहिरीकडचा प्लॉट’, ‘रस्त्याकडचा’. मागच्या वर्षीचा अहवाल खिशातून काढून त्यांनी विचारलं: ‘ताई, यात सात नंबर डोळ्याला घड दाखवलाय. पण आमची सबकेन आहे. मग डोळे बुडातून मोजायचे का गाठीपासून?’

हा प्रश्न कुठल्याही टूलमध्ये आम्हाला सापडला नव्हता. सबकेन म्हणजे शेंडा खुडल्यावर बाजूने फुटलेल्या फुटीची काडी. खुडलेल्या जागी गाठ दिसते, आणि मोजणी कुठून धरायची यावर छाटणीचा सगळा हिशोब बदलतो. वही मागे चाळली तर हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुनःपुन्हा आलेला. अहवाल घेऊन घरी गेलेला माणूस अहवाल वाचताना अडतो आणि रात्री मोबाईलवर विचारतो. आपल्याच अहवालात हे लिहिलेलं नाही, हे सरांच्या तेव्हाच लक्षात आलं.

यानंतर सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट कोणत्या शोधांत दिसली ते साइटमालकाला दाखवणारं गूगलचं साधन. त्यात २०२१ पासून रेजेक्सचं, म्हणजे अक्षरांच्या नमुन्यावरून शोध निवडणारं गाळण लावता येतं. प्रश्नार्थक शब्दांची गाळणी केली: कधी, कसे, कशी, किती, कुठे, कितव्या. रोमन लिपीतली रूपंही जोडली. मराठीत काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की ‘का’ हे अक्षर या गाळणीत घालू नये. ते ‘काडी’तही सापडतं आणि सगळा ढीग परत समोर येतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मोजक्याच लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी सर्च कन्सोल दाखवतच नाही. त्यामुळे यादीतल्या क्लिक्सची बेरीज पानाच्या एकूण क्लिक्सपेक्षा कमी भरते. ही तूट बऱ्याच अंशी लाँग टेलची असते. म्हणजे जे आपण शोधायला निघालो तेच तिथे झाकलेलं असतं. वहीचं मोल यामुळे आणखी वाढलं.

शेवटी सर्च बॉक्समधल्या सूचना. ‘द्राक्ष छाटणी’ लिहून पुढे क, ख, ग, घ असं एकेक अक्षर टाकत गेलो, प्रायव्हेट विंडोमध्ये, म्हणजे आपल्याच जुन्या शोधांचा रंग सूचनांवर चढत नाही. वहीतल्या प्रश्नांना इथून दुजोरा मिळाला.

निर्णय घ्यावे लागले ते प्रसंग

*प्रश्नांची निवड.* जमलेल्या प्रश्नांचे तीन गट केले. पहिल्या गटातला माणूस नमुना द्यायच्या बेतात आहे: ‘काडी तपासणीला काड्या किती आणायच्या’, ‘देठ परीक्षण किती दिवसांनी करावे’, ‘माती परीक्षण फी किती’. दुसऱ्या गटातल्याला बागेत काहीतरी दिसलंय: ‘द्राक्षाची पानं कडेने करपतात’, ‘पानांच्या वाट्या होतात’, ‘घड जिरतात उपाय’. तिसरा गट विद्यार्थी आणि प्रकल्प लिहिणाऱ्यांचा. तिसरा सोडला. पहिला आधी घेतला, कारण हंगाम जवळ होता.

*किती पानं करायची.* ‘देठ परीक्षण’, ‘पान देठ परीक्षण’, ‘पेटिओल टेस्ट’ यांना वेगळी पानं द्यावीत, असा एक विचार होता. तिन्ही विचारणाऱ्याला हवं ते एकच. म्हणून पान एकच ठेवलं आणि तिन्ही शब्द मजकुरात जिथे ओघाने येतात तिथे येऊ दिले. रोमन लिपीतल्या शोधांसाठीही वेगळं पान केलं नाही. पानाचा पत्ता आणि फोटोंच्या फाइलींची नावं तेवढी रोमन लिपीत मराठी शब्दांची ठेवली. उलट सबकेनच्या मोजणीचा प्रश्न अहवालाच्या पानात दडवायचा नाही, त्याला स्वतःचं पान द्यायचं, असं ठरवलं. तो प्रश्न एवढा नेमका आहे की विचारणाऱ्याला पूर्ण उत्तर हवं असतं, मोठ्या पानातली एक ओळ पुरत नाही.

*आकडा सांगायचा की नाही.* इथे सर्वांत जास्त वेळ गेला. ‘ऑक्टोबर छाटणी कितव्या डोळ्यावर घ्यावी’ हा हंगामातला मोठा प्रश्न. पानावर एक आकडा लिहून टाकला असता तर वाचणारा खूश झाला असता आणि तपासणीशिवाय कात्री चालवली असती. त्याची बाग वेगळी, त्याच्या काडीची जाडी वेगळी, घडनिर्मितीच्या दिवसांत त्याच्याकडे ढगाळ हवा असेल, पाणी किंवा नत्र जास्त झालं असेल. आकडा चुकला तर नुकसान त्याचं. काहीच न सांगता ‘तपासणीसाठी संपर्क करा’ एवढंच लिहिलं असतं, तर ते पान म्हणजे नुसता दिखावा. मधला मार्ग असा निघाला: घडाचा डोळा कशाकशाने मागेपुढे होतो ते उलगडून सांगायचं, सरळ काडी आणि सबकेन यांतला फरक आकृतीने दाखवायचा, मायक्रोस्कोपखाली दिसलेला घड आणि बाळी यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवायचे. आणि तपासणी कुठेही करा, पण छाटणीआधी करा, असं स्पष्ट लिहायचं. ‘कुठेही’ या शब्दाला सर आधी तयार नव्हते. नंतर त्यांनीच तो ठेवायला सांगितला.

*दर लिहायचे का.* शेजारच्या प्रयोगशाळा दर बघतील ही भीती होती. पण ‘फी किती’ हा प्रश्न वहीत जवळजवळ रोजचा. दर लिहिले. ताईंचे तेच ते फोन कमी झाले, एवढ्यानेच निर्णय वसूल झाला.

काय केलं

सगळी मुख्य पानं मराठीत नव्याने लिहिली. माती परीक्षणाच्या शीर्षकात ‘शेतीसाठी’ हा शब्द घातला आणि पहिल्याच ओळीत सांगितलं की बांधकामाची माती इथे तपासली जात नाही. प्रश्नच शीर्षक म्हणून वापरले आणि उत्तर पहिल्या दोन-तीन ओळींत दिलं. देठ परीक्षणाच्या पानावर सुरुवातीलाच वेळ आणि पान दोन्ही: खरड छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी पाचव्या पानाचा देठ, फळछाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ. बाकी खुलासा त्याखाली.

गावागणिक पानांऐवजी ‘नमुना कुठे द्यावा’ असं एकच पान केलं. ज्या कृषी सेवा केंद्रांवर नमुने खरोखर स्वीकारले जातात त्यांची गावं आणि गाडी नमुने उचलायला येते ते वार त्यात दिले. गावांची नावं तिथे कामाची म्हणून आली.

प्रश्नोत्तरांचा खास कोड टाकून सर्चमध्येच उत्तरं उलगडून दाखवावीत, असंही कुणी सुचवलं होतं. गूगलने ऑगस्ट २०२३ मध्ये ती सोय सरकारी आणि आरोग्यविषयक मान्यवर साइट्सपुरती मर्यादित केली, तेव्हा त्यात वेळ घातला नाही.

काडी तपासणीची पानं जूनमध्येच चढवली, म्हणजे सटाण्याची अर्ली छाटणी सुरू होण्याआधी. नवं पान नोंदलं जायला आणि स्थिरावायला वेळ लागतो. सप्टेंबरात चढवलेलं पान त्या वर्षी उपयोगी पडेलच असं नाही.

निकाल

बांधकामाचे फोन जवळजवळ थांबले. शेतकऱ्यांच्या फोनची भाषा बदलली. आधी ‘तुमच्याकडे काय काय होतं?’ असं विचारत, आता ‘काड्या परवा आणल्या तर अहवाल कधी?’ असं विचारतात. हे फोन छोटे असतात आणि बहुतेक वेळा मागोमाग नमुना येतो.

सबकेनच्या मोजणीचं पान, ज्यासाठी टूलमध्ये शून्य दिसत होतं, ते छाटणीच्या दिवसांत सतत वाचलं गेलं. सर्च कन्सोलमध्ये त्या पानापुढे दिसलेले शोध फार थोडे आणि प्रत्येक शोध वेगळ्या शब्दांत विचारलेला. सांगली-सोलापूरकडच्या बागायतदारांचेही फोन आले. ते नमुना घेऊन नाशिकला येणार नाहीत हे उघड होतं. सरांनी त्यांना फोनवर उत्तरं दिली आणि त्यांचे प्रश्नही वहीत घेतले.

‘घड जिरतात’ या पानाची गोष्ट निराळी. वाचणारे भरपूर, नमुने जवळजवळ नाहीत. कारण सरळ आहे: घडाची बाळी होताना दिसू लागली की त्या हंगामापुरती काडी तपासणीची वेळ निघून गेलेली असते. व्यवसायाच्या हिशोबात हे पान काढून टाकावं, असं सरांना वाटलं. मी ठेवण्याच्या बाजूने होतो. त्या क्षणी माणूस खरोखर घाबरलेला असतो, आणि लगेच काय थांबवावं, कोणाला बाग दाखवावी, हे त्याला कळायला हवं. पान राहिलं. त्याच्या शेवटी पुढच्या खरड छाटणीनंतर काय तपासावं ते जोडलं.

वेगळं काय करता येईल

मोजमाप कच्चं राहिलं. काउंटरवर ‘कुठून कळलं?’ विचारलं की उत्तर येतं, ‘मोबाईलवर बघितलं.’ त्यात यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप, गूगल सगळंच येतं. म्हणून नमुने किती सर्चमुळे आले, हे या प्रकरणात ठामपणे सांगता येत नाही. पुढच्या हंगामात प्रश्न बदलायचा आहे: ‘मोबाईलवर काय टाकलं होतं, की बोलला होता?’ याने स्रोतही कळेल आणि एक जिवंत शोधवाक्यही हाती येईल.

फोटोंना सुरुवातीपासून जागा द्यायला हवी. पानांच्या वाट्या, कडेने करपलेलं पान, ही लक्षणं शब्दांत सांगणं शेतकऱ्यालाही जड जातं. तो फोटो काढून गूगल लेन्सने, म्हणजे फोटोवरूनच शोधतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोंतून, ज्याचा त्याचा होकार घेऊन, पहिल्या महिन्यातच संग्रह सुरू करता आला असता.

आणि खरड छाटणीचा हंगाम. सगळी शक्ती काडीवर गेली, देठ परीक्षणाचे एप्रिल-मेचे प्रश्न मागे पडले. वहीत त्यांची वेगळी पानं आता लावली आहेत. ‘पंचेचाळीस दिवस कधीपासून मोजायचे, छाटणीपासून का फुटल्यापासून?’ हा त्यातला सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न. त्याचं उत्तर सरांनी लिहून दिलं आहे, आकृती काढायची बाकी आहे, आणि पान मार्चअखेर चढवायचं ठरलं आहे.